क्वार्टरबॅकच्या वादात उतरण्याआधी

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये मोठा क्वार्टरबॅक (पास फेकून चढाई चालवणारा खेळाडू) कोण, हा वाद कायमचा. त्यात 'अंगठ्या (सुपर बोल या अंतिम सामन्याची विजेतेपदं) जास्त तो मोठा' हा मुद्दा आधी बाजूला ठेवा. क्वार्टरबॅक जिम प्लंकेटने दोन सुपर बोल जिंकले, तरी कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये (महान खेळाडूंच्या सन्मान-दालनात) तो नाही. डॅन मरिनोने एकही जिंकला नाही, पण २००५ मध्ये पहिल्याच प्रयत्नात आत गेला.

वेगवेगळ्या काळांतले आकडे शेजारी मांडू नका. १९७८ मध्ये पाच यार्डांपुढे रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) अडवण्यावर बंदी आली आणि पासिंग सोपं झालं. हंगामही १४ सामन्यांवरून १६ आणि २०२१ पासून १७ चा झाला. क्वार्टरबॅक जो नेमॅथचे १९६७ च्या हंगामातले पासचे ४,००७ यार्ड १४ सामन्यांतले. त्याआधी एका हंगामात चार हजार कुणी गाठलेच नव्हते. (समोरचा त्याचे कारकिर्दीतले १७३ टचडाउन पास आणि २२० इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने पकडलेले पास) काढणारच, तयारीत राहा.) पासर रेटिंगमध्ये (पास फेकण्याच्या कामगिरीच्या गुणांकात) सॅक, म्हणजे पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं, आणि धावून काढलेले यार्ड धरत नाहीत, त्यामुळे भरपूर धावणाऱ्या क्वार्टरबॅक लमार जॅक्सनचं बरंच काम त्यात दिसतच नाही.

ट्रेडमध्ये (संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीत) नवशिके फक्त ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडण्याचे हक्क) मोजतात. डेन्व्हर संघाने २०२२ मध्ये क्वार्टरबॅक रसेल विल्सनसाठी पहिल्या फेरीचे दोन, दुसऱ्या फेरीचे दोन पिक आणि तीन खेळाडू दिले. पण खरा खड्डा नव्या कराराने पाडला: २०२४ मध्ये त्याला सोडल्यावर सुमारे साडेआठ कोटी डॉलर डेड मनी (संघात नसलेल्या खेळाडूचा खर्च) दोन हंगामांच्या सॅलरी कॅपवर (संघाच्या पगारखर्चाच्या मर्यादेत) बसला. रॅम्स संघानेही २०२१ मध्ये क्वार्टरबॅक स्टॅफर्डसाठी पहिल्या फेरीचे दोन पिक आणि वर आपला क्वार्टरबॅक गॉफ दिला होता. त्यांना त्याच हंगामात सुपर बोल मिळाला, म्हणून तो सौदा कुणी महाग म्हणत नाही.