घर ठाण्याला, मुक्काम परदेशी: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मुलांकडे परदेशी राहायला गेलेल्या ठाणे-नवी मुंबईकर ज्येष्ठांची बरीच पत्रं या महिन्यात आली. एकाला दिलेलं उत्तर इतरांनाही उपयोगी पडेल, असे प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न: मी नौपाड्याची. यजमान गेल्यावर मुलाने न्यू जर्सीला आणलं, ग्रीन कार्डही झालं. आता तो म्हणतो, ठाण्याचा फ्लॅट बक्षीसपत्र करून माझ्या नावावर कर, मागाहून कटकट नको. मला मात्र वर्षातले काही महिने तिथे राहायचंय. मुलगा वाईट नाही, पण सही करायला मन धजत नाही.

ताई, मन धजत नाही तोवर सही करू नका. बक्षीसपत्राची नोंदणी झाली की घर मुलाचं होतं. पुढे तो कितीही चांगला वागला तरी त्या घरात राहायला तुम्हाला त्याची परवानगी लागणार. मृत्युपत्र केलंत तर घर तुमच्या पश्चात त्यालाच मिळेल, पण तोवर मालकी तुमची राहील आणि हवं तेव्हा मृत्युपत्र बदलताही येईल. त्याला दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, तरी ठाण्याला याल तेव्हा दुय्यम निबंधकांकडे ती करून घ्या.

त्याआधी एक गोष्ट तपासा: फ्लॅट कोणाच्या नावावर आहे? यजमानांच्या नावावर असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्याने तुम्ही, तुमची सगळी मुलं आणि सासूबाई हयात असतील तर त्याही, समान वाटेकरी आहात. म्हणजे लग्न होऊन गेलेल्या मुलीचाही त्यात हिस्सा आहे. सोसायटीत नॉमिनी म्हणून तुमचं नाव असल्याने तुम्ही एकट्या मालक होत नाही. अशी कितीतरी घरं वर्षानुवर्षं नुसत्या नॉमिनेशनवर चालतात आणि विकायला काढली की भावंडांत वाद उभा राहतो.

बक्षीसपत्र करायचंच ठरलं, तर तुमचा सांभाळ करण्याची अट आणि हयातभर त्या घरात राहण्याचा हक्क त्यातच लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यातलं 23 वं कलम अशा अटीवरच उभं आहे. अट मोडली तर न्यायाधिकरण बक्षीसपत्र रद्द ठरवू शकतं. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही हा कायदा लागू आहे.

राहता राहिला ठाण्याचा मुक्काम. ग्रीन कार्डवर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर परतताना प्रश्न विचारले जातात, नागरिकत्वासाठी लागणारा सलग वास्तव्याचा काळही तुटू शकतो. वर्षाच्या पुढे गेलात तर कार्डच धोक्यात येतं. जास्त राहायचं असेल तर निघण्यापूर्वी, अमेरिकेत असतानाच, रीएंट्री परमिटचा अर्ज करावा लागतो. दिवाळीला यावं आणि होळी करून परतावं, म्हणजे सहा महिन्यांच्या आत बसतं, हवाही बरी असते. मुलाला हे स्पष्ट सांगा. आईला आपल्या घरी राहावंसं वाटतं यात त्याचा अपमान नाही, आणि तुम्हीही त्यासाठी माफी मागायची गरज नाही.

प्रश्न: आम्ही दोघं मेलबर्नला मुलीकडे असतो. वाशीचा फ्लॅट बंद आहे, तरी सोसायटी भोगवटा नसल्याचं शुल्क लावते. शिवाय पुनर्विकासाच्या बैठका चालू आहेत. भाच्याला मुखत्यारपत्र देऊन बैठकीला पाठवावं का?

हे शुल्क घर भाड्याने दिल्यावर लागतं, कुलूप लावल्यावर नाही. भाड्याने दिलं तरी 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. सेक्रेटरींना आदेशाचा हवाला देऊन लेखी पत्र पाठवा. ऐकलं नाही तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करा. देखभालीचे पैसे मात्र थकवू नका, थकबाकीदाराची तक्रार कोणी मनावर घेत नाही.

बैठकीला भाचा चालणार नाही. आदर्श उपविधींप्रमाणे सर्वसाधारण सभेला मुखत्यार किंवा प्रतिनिधी बसू शकत नाही. पहिलं नाव असलेल्या सभासदाच्या गैरहजेरीत सहयोगी सभासद जाऊ शकतो. पुनर्विकासाबाबत 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयात एकूण सभासदांपैकी 51 टक्क्यांची संमती सांगितली आहे, म्हणजे तुम्ही मेलबर्नला असलात तरी एकूण संख्येत मोजले जाताच. आपला ईमेल सोसायटीत लेखी नोंदवून ठेवा आणि प्रत्येक सभेचं इतिवृत्त मागवा. विकासक निवडण्याच्या सभेला तुमच्यापैकी एकाने स्वतः यावं, असं माझं मत आहे. तिकिटाचा खर्च होईल, पण आयुष्याची कमाई त्या चार भिंतींत आहे.

भाच्याला मुखत्यारपत्र द्यायचंच तर बिलं भरणं, दुरुस्ती करणं अशी कामं नावानिशी लिहून द्या. 'सर्व अधिकार' देऊ नका, विक्रीचा तर नकोच. परदेशात केलेल्या मुखत्यारपत्रावर ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावं लागतं, हेही लक्षात असू द्या.

प्रश्न: घोडबंदर रोडचा फ्लॅट भाड्याने दिलाय. भाडेकरू म्हणतो, तुम्ही कॅनडात असल्याने मी भाड्यातून 31.2 टक्के कर कापणार. हा कुठला नियम?

तो बरोबर बोलतोय. अनिवासी मालकाला भाडं देताना 30 टक्के आणि त्यावर उपकर कापण्याची जबाबदारी भाडेकरूचीच असते. एकूण उत्पन्न कमी असेल तर विवरणपत्र भरून परतावा घ्या, किंवा आयकर खात्याकडून कमी दराने कपातीचं प्रमाणपत्र आधीच मिळवा. कर कापू नका असं सांगणारा ज्येष्ठांचा 15 एच हा अर्ज अनिवासींना चालत नाही. भाडं एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या उत्पन्नासाठी असलेल्या खात्यात, यायला हवं. जुनं बचत खातं तसंच चालू ठेवणं नियमाला धरून नाही. लीव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं ही मालकाची जबाबदारी आहे, एजंटवर सोडून निर्धास्त राहू नका.

प्रश्न: नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला ठाण्याला येणं जमणार नाही. पेन्शन बंद होईल का?

दाखला पोचला नाही तर थांबेल, पण दाखला दिल्यावर थकलेली रक्कमही मिळते. केंद्राच्या पेन्शनसाठी भारतीय दूतावासातला अधिकारी, तिथला नोटरी, मॅजिस्ट्रेट किंवा बँक अधिकारी यांची सही चालते. असा दाखला तुम्ही नेमलेल्या माणसाने बँकेत दिला की तुम्ही हजर राहायची गरज नाही. राज्याचं पेन्शन असेल तर कोषागाराला ऑक्टोबरातच ईमेल करून नमुना मागवा.

प्रश्न: नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय. पुढच्या वेळी तिथेच उतरावं का? घर नेरूळला आहे.

8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन झालं आणि 25 डिसेंबरपासून प्रवासी विमानं उडू लागली. नेरूळकरांना तो सोयीचाच. मात्र तिकीट काढताना एनएमआय (नवी मुंबई) की बीओएम (मुंबई), हा कोड नीट बघा. परदेशातून मुंबईला उतरून नवी मुंबईहून पुढचं विमान धरायचं असेल तर मधला प्रवास गाडीने, सामानासकट करावा लागेल. वयस्कर माणसाने अशी जोड टाळावी. व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवा.