रोज 10 किमी धावतो, किलीमांजारोसाठी मारंगू मार्गाचे 5 दिवस पुरतील का?

नाही पुरणार. आणि धावण्याचा इथे संबंध फार थोडा.

मारंगूवर मुक्काम मंदारा (2,720 मीटर), होरोंबो (3,720) आणि किबो (4,720) इथे असतात. म्हणजे झोपायची उंची रोज हजार मीटरने वाढते. शरीराला विरळ हवेची सवय व्हायची तर 3,000 च्या वर ती दिवसाला 500 पेक्षा जास्त वाढू नये. त्यातून किबोला दुपारी टेकायचं आणि त्याच मध्यरात्री शिखराकडे निघायचं. सहावा दिवस घेतलात तर होरोंबोला दोन रात्री मिळतात. 7 दिवसांचा माचामे मार्ग त्याहून बरा: लाव्हा टॉवरपर्यंत 4,600 च्या वर चढून बारांकोला 4,000 च्या खाली झोपायला उतरता. तिथे तंबूत झोपावं लागतं, मारंगूवर झोपड्यांत पलंग मिळतो, पण पलंगापायी मारंगू निवडणं मला कधीच पटलेलं नाही.

धावून पाय आणि छाती तयार होते. विरळ हवेत श्वास वाढतो, मग रक्तातला बायकार्बोनेट (एक क्षार) मूत्रपिंडांना बाहेर टाकावा लागतो आणि त्याला दिवसच लागतात. धावणारे उलट पहिल्या दोन दिवसांत पुढे पळतात. गाइड ‘पोले पोले’ (स्वाहिलीत ‘हळू हळू’) म्हणतो ते ऐका. बोलताना वाक्य तुटलं की वेग जास्त.

डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घेणं म्हणजे फसवणूक, हे तुणतुणं आता थांबवा. मूत्रपिंडांचं तेच काम ती गोळी लवकर करवते. त्रास झाकत नाही. डोकेदुखी झाकते ती वेदनाशामक गोळी, आणि ती हेच वीर बिनदिक्कत खातात! प्रतिबंधासाठी साधारण 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, रात्री लघवीला उठावं लागतं.

शिखराच्या रात्री पाण्याच्या पिशवीची नळी गोठते. बाटली मोज्यात घालून उलटी ठेवा, बर्फ बुडाशी धरतो, तोंड मोकळं राहतं. गिलमन्स पॉइंट (5,685) म्हणजे फक्त विवराचा कडा. उहुरू, म्हणजे खरं शिखर (5,895), अजून दीड-दोन तास. ताकद तेवढी राखा, उतरायचंही आहे.

हो, सल्फाची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डायमॉक्स नको. आणि गोळी घेऊनही टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालता येईना, तर उजाडायची वाट न बघता गाइडबरोबर लगेच खाली उतरा.