हात खाली येण्याआधीचा श्वास

प्रश्न : माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. सात वर्षं व्हायोलिन शिकतोय, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आता म्हणतो, सिम्फनी ऑर्केस्ट्राचा कंडक्टर व्हायचंय. वाजवणारे समोरचा कागद बघून वाजवतात, मग हात हलवणाऱ्याचं काम काय? आणि एवढ्याशा पोराच्या हाती ऑर्केस्ट्रा देणार कोण?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, मी मुंबईत अठ्ठावीस वर्षं ऑर्केस्ट्रात व्हायोला (व्हायोलिनचा थोडा मोठा, खालच्या सुराचा भाऊ) वाजवला. आम्ही बसायचो ते कंडक्टरच्या अगदी जवळ, त्याचा श्वाससुद्धा दिसेल इतकं. तिथून जे पाहिलं तेच सांगते.

बेथोव्हेनची पाचवी सिम्फनी तीन आखूड आणि एका लांब सुराने सुरू होते. पण त्या तीन सुरांच्या आधी कागदावर एक विराम आहे. कंडक्टरचा हात खाली येतो तेव्हा आवाज नसतो. ती जागा रिकामी जाते आणि मग सगळ्यांनी एकदम उचलायचं. एकदा तालमीला एक तरुण कंडक्टर आला. हात सुबक, सगळा स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र लिहिलेली वही, पाठ. पण हात खाली आणण्याआधी तो श्वासच घेत नव्हता, आम्हाला लय कळणार कशी? व्हायोलिनं आधी, आम्ही मागून, क्लॅरिनेट त्याच्याही मागून. त्याने तीनदा थांबवलं, मोठ्याने मात्रा मोजून दाखवल्या. चौथ्यांदा बॅटन, म्हणजे हातातली छडी, खाली ठेवली, नाकाने खोल श्वास घेतला, आणि आम्ही सगळे एकत्र सुटलो. त्याचं काम हे आहे, ताई. त्याचं वाद्य म्हणजे आम्ही.

आता दुसरा प्रश्न. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता डॉक्टरकीची वाट सोडून 1954 साली, अठराव्या वर्षी व्हिएन्नाला गेले. हान्स स्वारोव्स्कींकडे कंडक्टिंग शिकले, पण सोबत डबल बासही वाजवला. पुढे स्वतःही नामवंत कंडक्टर झालेले क्लाउडिओ आबाडो तिथे त्यांचे सहाध्यायी. मोठ्या कंडक्टरांच्या तालमी बघता याव्यात म्हणून हे दोघे चक्क कोरसमध्ये जाऊन गायचे! ही हौस मला त्यांच्या सगळ्या बक्षिसांहून मोठी वाटते. 1958 मध्ये त्यांनी लिव्हरपूलची स्पर्धा जिंकली. पुढे मॉन्ट्रियल आणि लॉस एंजेलिस, दोन्हीकडे ते आधी दुसऱ्या कंडक्टरच्या ऐवजी उभे राहिले आणि मग ते ऑर्केस्ट्रे त्यांच्याकडे आले. 1962 मध्ये लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकची सूत्रं हाती आली तेव्हा वय होतं सव्वीस. घरात वडील मेहली मेहता होते, ज्यांनी 1935 मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, हेही विसरू नका. तुमच्या मुलाला ते घरात मिळालेलं नाही, त्याला ते बाहेर शोधावं लागेल.

इंजिनिअरिंग एवढ्यात सोडू देऊ नका. पियानो मात्र याच महिन्यात सुरू करा. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या मैफलींचा हंगाम असेल तेव्हा त्याला तिथे पाठवा. व्हायोलिन वाजवणारे चार-सहा मित्र मिळाले तर कुणाच्या तरी हॉलमध्ये त्यांच्यासमोर उभं राहू द्या, दर आठवड्याला.

आणि त्याला मोझार्टच्या चाळिसाव्या सिम्फनीचा स्कोअर आणून द्या. तिच्यातले दोन हॉर्न (पितळी फुंकवाद्यं) दोन वेगळ्या पट्ट्यांत लिहिलेत, ते मनात उलगडताना घाम फुटेल. सगळ्या जगाला तिची व्हायोलिनची धून ठाऊक आहे, पण ती धून यायच्या आधी व्हायोलांची धडधड सुरू झालेली असते. धून नको, पहिल्यांदा ती ओळ गाऊन दाखव म्हणावं.