आभासी रुग्णावरचा सराव

प्रश्न: आभासी वास्तवाच्या (व्हीआर) हेडसेटवर, म्हणजे डोळ्यांवर चढवून संगणकाने रचलेले दृश्य दाखवणाऱ्या उपकरणावर, शिरेत सुई घालण्याचा सराव केल्यास परिचारिकांना प्रत्यक्ष सरावाची गरज उरते का?

उत्तर: निश्चितच उरते. त्वचा भेदताना सुईतून जाणवणारा अवरोध आणि शिरेत शिरताच त्याचे सैल पडणे ही बोटांनीच करून घ्यायची ओळख आहे, आणि हातातील कंट्रोलरच्या केवळ थरथरण्याने ती होत नाही. त्यासाठी सरावाचा कृत्रिम हात आणि पुढे देखरेखीखालील रुग्णसेवाच हवी. हेडसेटचे खरे बळ निर्णयाच्या सरावात आहे. रक्तदाब घसरत असताना आधी काय तपासायचे, डॉक्टरांना केव्हा आणि कोणत्या शब्दांत कळवायचे, हे प्रसंग कोणालाही इजा न होता पुन्हा पुन्हा अनुभवता येतात. सत्रानंतरची सविस्तर चर्चा वगळणारा अभ्यासक्रम मात्र मला अपुराच वाटतो. काहींना हेडसेटमुळे मळमळते. त्यांची सत्रे छोटी ठेवावीत.