व्होल्टेज पडलं की मेन तोडणारं सर्किट: तोडणं सोपं, जोडणं जपून

व्होल्टेज 180 च्या खाली गेलं की घराची मेन आपोआप तुटावी, त्याला एक कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारं सर्किट) आणि रिले (विजेनं चालणारा स्विच) पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. तोडायला पुरेल. माझा फ्रिज मात्र परत जोडण्यात गेला.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमचं घर लाइनीच्या अगदी शेवटाला. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, बाहेरगावची सगळी माणसं घरी येतात, घरोघरी पंप आणि मिक्सर एकदम सुरू होतात. मी एलएम358 (कंपॅरेटर म्हणून वापरलेली आयसी), झेनर (ठरलेलं व्होल्टेज देणारा डायोड), बीसी547 (रिले चालवणारा ट्रान्झिस्टर) आणि 12 व्होल्टची रिले घेऊन सर्किट केलं होतं. डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) फिरवून पाहिलं, बरोबर 180 ला तुटायचं. चवथीच्या आदल्या रात्री रिले खटखट करायला लागली. आमचा लोड, म्हणजे घरातली उपकरणं, सुटला की व्होल्टेज 190 वर चढायचं, रिले ओढून लाइन परत जोडायची, कंप्रेसर उठताना पुन्हा 170. टेबलावर हे कळलंच नव्हतं, कारण तिथे लोडच लावला नव्हता. कोणी स्विच बंद करेपर्यंत कंप्रेसर जळला. किसून ठेवलेलं खोबरं, दूध, सगळं टाकावं लागलं. आई काही बोलली नाही. भावोजी अजून म्हणतात, "तेव्हाच स्टॅबिलायझर घेतला असतास तर?"

नसतं भागलं. स्टॅबिलायझर 150 चे 220 करतो तेव्हा लाइनीतून तितका जास्त करंट ओढतो, म्हणजे शेवटच्या घरांचं व्होल्टेज आणखी बसतं. कट-ऑफ ही कल्पना बरोबरच होती, चूक परत जोडण्याच्या माझ्या पद्धतीत होती. तोडा 180 ला, जोडा 205 ला. त्यासाठी कंपॅरेटरच्या आउटपुटपासून त्याच्याच प्लस पिनला मोठा रेझिस्टर द्या आणि हे आकडे प्रीसेटनं (स्क्रूनं फिरवायच्या छोट्या रेझिस्टरनं) बसवा. शिवाय जोडण्याआधी 3 मिनिटं थांबवणारा टायमर हवाच, लाइट जाऊन आल्यावरसुद्धा. तेवढ्यात कंप्रेसरमधला दाब उतरतो, नाहीतर मोटर अडकते आणि कितीतरी पट करंट खाऊन वाइंडिंग जाळते. नुसती रिले व्होल्टेज ओळखेल यावर विसंबू नका. एकदा ओढली की ती फार खालच्या व्होल्टेजपर्यंत धरून राहते.

आणि हो, अख्खी मेन कशाला तोडता? एलईडी दिवे 150 वरही चालतात. फ्रिज, पंप, एसी एवढंच तोडा. पंपाला कॉन्टॅक्टर (जास्त करंट पेलणारी मोठी रिले) लावा, छोट्या रिलेचे पॉइंट चिकटतात. 230 ची बाजू वायरमनकडूनच जोडून घ्या. नव्या फ्रिजवर माझं हेच सर्किट आहे, आणि भावोजींनी त्यांच्या पंपावर स्टॅबिलायझर ठेवलाय. या चवथीला दोन्ही ठिकाणी मीटर लावून मी त्यांना आकडे दाखवणार आहे.