नव्या सचिवबाईंना

प्रिय सचिवबाई,

विद्यार्थी परिषदेवर तुझी निवड झाल्याचं कळलं. अभिनंदन. फोनवर तू विचारलंस, "काका, वर्षाचं नियोजन कसं करू? आणि मंडळांना मदत करायची म्हणजे नेमकं काय करायचं?" उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसलो. मी काही प्राध्यापक नव्हे. माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ऑफिसात, खिडकीच्या आतल्या बाजूला बसून झाली. पण दरवर्षीची परिषद, तिचे अर्ज, तिची बिलं आणि तिची भांडणं याच खिडकीतून आत यायची, त्यामुळे कुठं काय अडतं ते बऱ्यापैकी ठाऊक आहे.

आधी कायदा वाच. फार नाही, एकच कलम. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६, कलम ९९. विद्यार्थ्यांचं हित बघायचं, निरनिराळ्या विद्यार्थी मंडळांच्या अभ्यासेतर उपक्रमांना चालना द्यायची, त्यांच्यात समन्वय ठेवायचा, आणि राजकीय कामात पडायचं नाही. परिषदेचं काम एवढंच. आधीच्या १९९४ च्या कायद्यात वर्गात पहिला येणारा वर्गप्रतिनिधी व्हायचा. पोरं हुशार असायची, पण कित्येकांनी वाङ्मय मंडळाचा फलक कुठं लागतो तेसुद्धा बघितलेलं नसायचं. नव्या कायद्यात निवडणुकीची तरतूद आली, आणि एनएसएस, एनसीसी, क्रीडा व सांस्कृतिक विभागाचा एकेक विद्यार्थीही परिषदेत बसतो. त्या चौघांना नुसतं फोटोपुरतं बसवू नकोस. मंडळांच्या खऱ्या बातम्या त्यांच्याकडेच असतात.

माझं म्हणणं एकच आहे, आणि ते तुमच्या बाकीच्या पदाधिकाऱ्यांना आवडणार नाही. परिषदेनं स्वतःचे कार्यक्रम जवळजवळ बंद करावेत. दर जुलैला नवी मंडळी हौसेनं आमच्याकडं यायची. फ्रेशर्स पार्टी, ट्रॅडिशनल डे, शिक्षक दिन, अमुक डे, तमुक डे. प्रत्येक कार्यक्रमाला हॉल लागतो, पैसा लागतो, राबणारी पोरं लागतात. मग निसर्ग मंडळानं गिधाडांवर व्याख्यान ठेवलं तर हॉल मिळत नाही, वादविवाद मंडळाला माइक मिळत नाही, आणि वर्षाअखेरीस अहवालात परिषदेचीच पानं भरतात. बाकी मंडळांना एकेक ओळ! परिषद आणि मंडळं एकाच हॉलसाठी भांडायला लागली की समन्वय कुणी करायचा?

आपल्या कोल्हापूरच्या दसरा चौकात उभी राहिलीस तर आजूबाजूला बोर्डिंगच बोर्डिंग, म्हणजे विद्यार्थ्यांची वसतिगृहं, दिसतील. १९०१ साली मराठा बोर्डिंग निघालं, त्याच साली जैन बोर्डिंग, १९०६ ला मुस्लिम, १९०८ ला मिस क्लार्क वसतिगृह. शाहू महाराजांनी सगळ्यांसाठी एकाच सरकारी वसतिगृहावर भागवलं असतं तर कोण अडवणार होतं? पण त्यांनी जागा दिली, पैसा दिला, पाठीवर हात ठेवला, आणि कारभार त्या त्या मंडळींच्या हातात दिला. म्हणून तर ती बोर्डिंगं टिकली. परिषदेनं मंडळांशी असंच वागावं. जागा, पैसा, परवानगी, आणि अडल्यावर मागं उभं राहायला माणूस.

आता कामाचं. पहिल्या महिन्यात मंडळांची बैठक बोलवू नकोस. बैठकीत सगळे "हो, चालतंय" म्हणतात आणि चहा पिऊन जातात. तू त्यांच्याकडं जा. विज्ञान मंडळाची पोरं प्रॅक्टिकल संपल्यावर लॅबबाहेर सापडतात, नाटकवाली कॅन्टीनमागं, भित्तिपत्रकवाली ग्रंथालयाच्या जिन्यात. आणि "तुम्हाला काय पाहिजे?" असं विचारू नकोस, यादी लांबत जाते. "मागच्या वर्षी कुठं अडलं?" असं विचार. मग खरं बाहेर येतं. पाहुण्यांच्या गाडीभाड्याचे पैसे मंडळाच्या अध्यक्षानं खिशातून घातले, ते अजून मिळाले नाहीत. हॉलची चावी शिपाईमामांकडं आणि मामा रजेवर. प्रोजेक्टरची वायर दुसऱ्याच विभागात. अशा दहा गोष्टी वहीत उतरव. त्यातल्या सहा तू आठवड्यात सोडवशील, आणि वर्षभर तुझ्या शब्दाला किंमत येईल.

भेटी घेताना आणखी एक दिसेल. मंडळं दहा, पण राबणारी पोरं तीच. एकांकिकेत जो दिग्दर्शक, तोच एनएसएसचा स्वयंसेवक, तोच वाङ्मय मंडळाचा सहसचिव. एनएसएसला दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. आता नव्या शैक्षणिक धोरणात अशा कामांना क्रेडिटही (श्रेयांक) आहे, म्हणजे गर्दी आणखी वाढणार. अशा पोरांची एक यादी कर. एकच नाव तीन ठिकाणी आलं तर त्या तीन मंडळांच्या तारखा एकमेकांपासून लांब ठेव. हे दुसरं कुणी करणार नाही, कारण प्रत्येक मंडळाला फक्त आपला पोरगा दिसतो.

वर्षाचं वेळापत्रक मागून पुढं लिही. ३१ मार्चला हिशेब बंद होतो, तिथून सुरू कर. त्याच्या मागं परीक्षा. त्याच्या मागं फेब्रुवारी, आणि खरी कोंडी तिथं आहे. १९ ला शिवजयंती. २७ ला मराठी भाषा गौरव दिन, म्हणजे वाङ्मय मंडळ. २८ ला विज्ञान दिन, म्हणजे विज्ञान मंडळ. हॉल एकच. संध्याकाळी ग्रंथदिंडीची पालखी आणि रांगोळी उचलायची, आणि सकाळी सातला तिथंच मॉडेलची टेबलं मांडायची. दरवर्षी २७ च्या संध्याकाळी या दोन मंडळांत वाजायचंच. कुणाची चूक नसते. डिसेंबरातच दोघांना समोरासमोर बसवून टेबलं कोण लावणार, मांडव कोण काढणार, मामांना जादा वेळ थांबवायचं तर अर्ज कुणाच्या सहीनं जाणार, एवढं लिहून घेतलं की भांडण मिटतं. जमलं तर दोन दिवसांचा एकच कार्यक्रम करा म्हणावं, खुर्च्या आणि साउंड एकाच भाड्यात बसतं.

युवा महोत्सवाच्या तारखा विद्यापीठ ठरवतं, आधी जिल्हास्तर आणि मग मध्यवर्ती, तिथं तुझ्या हातात काही नाही. पण तालमी तुझ्या हातात आहेत. लोकनृत्याचा संघ हॉलमध्ये शिरला की महिनाभर निघत नाही. त्यांना हॉल द्यायचाच, पण आठवड्यातला एक दिवस बाकीच्यांसाठी आधीच बांधून ठेव, आणि तो दिवस कुणासाठीही मोडू नकोस. ढोलकी घुमायला लागली की हा नियम कुणाला आठवत नाही, तू आठवण करून द्यायची. जुलैअखेर आणि ऑगस्टचा पहिला पंधरवडा मोकळा ठेव. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली की बऱ्याच गावांचे रस्ते बंद व्हायला लागतात, आणि ४३ च्या धोका पातळीनंतर तर कार्यक्रमाचं कुणी नावच काढत नाही. २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा बघितलंस तू. तेव्हा मदतीला पोरं लागतात, म्हणून स्वयंसेवकांची यादी मात्र जूनमध्येच तयार पाहिजे.

रोजची वेळ ठरवताना एसटी बघ. पन्हाळा, राधानगरी, मलकापूर, गारगोटी भागातून येणारी पोरं शेवटचा तास संपला की मध्यवर्ती बस स्थानकाकडं पळतात. साडेपाचला बैठक ठेवली की मंडळावर फक्त पेठेतली आणि होस्टेलची पोरं राहतात. मग आपणच म्हणतो, गावाकडची पोरं भाग घेत नाहीत. मधल्या सुट्टीत वीस मिनिटांची बैठक घे. सगळे येतात, आणि लांबण लागत नाही.

पैशाचा विषय माझा, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो. पोरगं खिडकीशी येतं आणि खिशातून कागद काढतं. फुलवाल्यानं लग्नपत्रिकेच्या पाकिटामागं लिहून दिलेलं असतं, "हार ४, बुके २", खाली रक्कम, सही नाही, तारीख नाही. किंवा मोबाईल पुढं करतं, "काका, हे बघा, जीपे केलंय." अगं, जीपेचा फोटो म्हणजे बिल नव्हे. बिलावर दुकानाचं नाव, नंबर आणि तारीख पाहिजे, आणि ते कॉलेजच्या नावानं पाहिजे, पोराच्या नावानं नको. पाहुण्यांना मानधन दिलं तर व्हाउचरवर त्यांची सही घे, रक्कम पाच हजारांच्या वर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर घे, आणि ही सही पाहुणे गाडीत बसायच्या आत घ्यायची. नंतर त्यांच्या मागं सांगलीला कोण जाणार? हे सगळं मंडळांच्या नव्या अध्यक्षांना जूनमध्ये एका तासात शिकव. ऑफिसातल्या कुणाला तरी बोलाव, आनंदानं येतील. चुकीचं बिल परत करायचा त्यांनाही कंटाळा येतो.

मंडळांना पैसे वाटताना दोन गोष्टी पाळ. निकष अर्ज यायच्या आधी लिहून फलकावर लाव, म्हणजे ओळखीचा कोण आणि बिनओळखीचा कोण हा प्रश्नच येत नाही. आणि रक्कम थोडी असली तरी चालेल, पण उचल म्हणून कार्यक्रमाच्या आधी मिळू दे. कार्यक्रमानंतर तीन महिन्यांनी मिळणाऱ्या मोठ्या रकमेचा उपयोग ज्याच्या घरी पैसे आहेत त्यालाच. बाकीची पोरं कार्यक्रमच घेत नाहीत. गरिबाघरचं पोरगं मंडळाचा अध्यक्ष का होत नाही, याचं अर्धं कारण मी खिडकीतून बघितलंय, ते हेच.

गॅदरिंगचं काय करायचं ते तू ठरव, पण माझं मत सांगतो. निम्म्याहून जास्त पैसा एका रात्रीच्या साउंड, लाइट आणि स्टेजवर जाणं मला कधीच पटलं नाही. दहाला स्पीकर बंद करायचाच आहे, कायदाच आहे तो. त्या खर्चातला थोडा भाग काढला तरी भित्तिपत्रक, विज्ञान आणि निसर्ग मंडळांचं वर्ष निघतं. ओरड होईल. नाद करायचाय तर होऊ दे ओरड.

प्रायोजक घे, त्यात लाज नाही. दुकानदार, क्लासवाले, बेकरीवाले देतात. पण डिजिटल फलकावर कुठल्या दादांचा, भाऊंचा हात जोडलेला फोटो आला की ते मंडळ त्या गटाचं झालं म्हणून समज. पुढच्या वर्षी दुसरा गट दुसरं मंडळ काढतो. कायद्याचा दाखला दे, आणि तरीही ऐकलं नाहीत तर प्राचार्यांचं लेखी पत्र लागेल म्हण. नाही म्हणण्यापेक्षा हे सोपं जातं, आणि ते पत्र काही येत नाही.

प्राचार्यांकडं जाताना एका वेळी एकच मागणी ने. कागदावर, एका पानात, खर्चाच्या आकड्यासह, आणि जमलं तर दोन मंडळांच्या सह्यांसह. सात मागण्या नेल्या तर सगळ्यात सोपी मान्य होते आणि बाकीच्या सहा "बघू"मध्ये जातात.

मंडळं कशानं मरतात माहितीये? पैशानं क्वचितच. तिसऱ्या वर्षाचा हौशी पोरगा पास होऊन पुण्याला जातो आणि त्याच्याबरोबर सगळंच जातं. इन्स्टाचा पासवर्ड त्याच्याकडं, जीमेल त्याच्या नावानं, मागच्या वक्त्यांचे नंबर त्याच्या फोनमध्ये, बॅनरची फाइल फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर. जूनमध्ये नवं पोरगं शून्यापासून सुरू करतं. त्यामुळे प्रत्येक मंडळावर दुसऱ्या वर्षाचा एक उपाध्यक्ष सक्तीनं घ्यायला लाव. जानेवारीत, म्हणजे परीक्षेची घाई लागायच्या आधी, नव्यांच्या हाती सगळं सोपवून टाका. खातं मंडळाच्या नावाचं, पासवर्ड बंद पाकिटात प्रभारी सरांकडं, आणि एक साधी वही: कोणता कार्यक्रम, कुणी बोलावला, किती खर्च, किती पोरं आली, काय फसलं. शेवटचा रकाना लिहायला पोरं लाजतात, तू लिहून घे. पुढच्या वर्षी पहिल्यांदा तोच वाचला जातो.

ज्या मंडळात खरंच कुणी उरलं नसेल, ते बंद करायलाही घाबरू नकोस. कागदावर चालणारी मंडळं अहवालात बरी दिसतात, पण त्यांच्या नावावर गेलेला पैसा जिवंत मंडळांना मिळत नाही. त्याच पैशात पोरांनी आपणहून काही मागितलं तर ते काढून द्या, मग ते फुटबॉल चाहत्यांचं मंडळ का असेना. कोल्हापुरात त्याला माणसं कमी पडणार नाहीत.

वेळापत्रकाचा कच्चा कागद झाला की पाठव. तारखा पेन्सिलीनं लिही.

तुझा,
ऑफिसातला काका

ता. क. रेव्हेन्यू तिकिटांची एक शीट पोस्टातून आत्ताच आणून ठेव. फेब्रुवारीत आयत्या वेळी कुणाकडंच नसतात.