अण्णा सगळ्यांकडे तिकीट मागत होते

मी हॉस्पिटलमध्ये समुपदेशक म्हणून काम करते, आणि ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात हमखास कोणीतरी उभं असतं, रात्रभर जागलेलं, डोळे लाल. ऑपरेशन छान झालं म्हणतात हो मॅडम, पण आमच्या माणसाचं डोकं गेलंय. कुणी म्हणतं भूल जास्त झाली, कुणी म्हणतं वेड लागलं, बाहेरचं लागलं म्हणून उशीखाली ठेवलेलं लिंबूही मी बघितलंय. जुनी माणसं सरळ 'वात झालाय' म्हणायची, डॉक्टर डिलिरियम म्हणतात, म्हणजे आजारपणात डोक्याचा अचानक उडालेला गोंधळ.

त्या दिवशी आली होती ती सून. (ओळख पटेल असं सगळं बदललंय.) सासरे 78 वर्षांचे, एसटीत कंडक्टर होते. बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं, बॉल बसवला. पहिल्या दिवशी पेपरसुद्धा वाचला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वॉर्डातले लाईट लागले आणि अण्णा चादरीचा कोपरा चिमटीत धरून फाडल्यासारखं करायला लागले, एकेकाला ते न दिसणारं तिकीट द्यायचे, कॉटच्या दांडीवर टकटक करायचे, पुढं सरका पुढं सरका. आजूबाजूचे हसले, सूनही हसली. पण रात्री एक वाजता स्वारगेट आलं म्हणून उतरायला निघाले, सलाईन उपटली, रक्त आलं, सून आडवी गेली तर अख्ख्या वॉर्डासमोर ओरडले, ही माझ्या चहात विष घालते, हिला जमीन लिहून पाहिजे.

आता ही बाई अकरा वर्षं त्यांचं सगळं करतीय. मला वाटलं ती विचारेल बरे होतील का. तिनी विचारलं, "मॅडम, त्यांच्या मनात इतकी वर्षं हेच होतं का? भुलीत माणूस खरं बोलतो म्हणतात."

हा प्रश्न लोक फार उशिरा विचारतात, कधी कधी पेशंट घरी जाऊन वर्ष झाल्यावर, तोपर्यंत घरात बोलणं बंद झालेलं असतं. म्हणून सांगते, नाही, मनातलं बाहेर येत नाही. मेंदूचं लक्षच टिकत नाही, कुठे आहोत ते कळत नाही, अंग दुखतंय, अंधार, अनोळखी माणसं अंगाला हात लावतायत, मग घाबरलेलं डोकं हाताला लागेल त्या तुकड्यांची गोष्ट जुळवतं. आणि गोष्टीत खलनायक कोण, तर जो उशाशी आहे तो. मुलगा त्या रात्री घरी झोपला होता म्हणून सुटला, एवढंच.

चहाचं मात्र मी खोदून विचारलं. तर गोळ्या गिळवत नव्हत्या म्हणून हिनीच एक कुटून चहात घातली होती, न सांगता! म्हणजे चहा खरंच कडू होता. (गोळी लपवून देऊ नका, आणि कुटायच्या आधी सिस्टरला विचारा, काही गोळ्या कुटायच्या नसतात.)

अकरा वाजता मी कॉटपाशी गेले तर अण्णा एकदम व्यवस्थित, नमस्कार मॅडम वगैरे. हे असंच असतं, दिवसात चढ-उतार होतो, रात्री वाढतं, आणि सकाळच्या राऊंडला पेशंट इतका शहाणा दिसतो की नातेवाईकच खोटे पडतात. मी म्हणलं, वार उलटे म्हणून दाखवा, रविवारपासून. रविवार, शनिवार, शुक्रवार... खिडकीकडे बघितलं, आणि मग सोमवार मंगळवार असे सरळच सुटले. लक्ष तुटतं ते असं. दुसरं म्हणजे मी साध्या आवाजात बोलले की त्यांना ऐकूच येत नव्हतं. कानाचं मशीन कुठाय? घरी कपाटात, इथे हरवेल म्हणून.

डॉक्टरांना हे सगळं सांगितलं, त्यांनी तपासलं. लघवीची नळी काढल्यापासून थेंब थेंब होत होती, पोटात मूत्राशय टम्म भरलेलं. पाच दिवस पोट साफ नाही. रक्तातलं सोडियम कमी. त्यात रात्रीची झोपेची गोळी. भूल पूर्ण दिलेली असो नाहीतर कमरेतून, दोन्हीत हे होतं, त्यामुळे सगळा दोष भुलीवर टाकून मोकळं होता येत नाही, कारण शोधावं लागतं. कारण बहुतेक वेळा एक नसतंच, चार-पाच असतात. आणि हो, रोज संध्याकाळी थोडी घेत असतील तर लाजू नका, ऑपरेशनच्या आधीच सांगा, अचानक दारू सुटली की तेही असंच दिसतं आणि त्याचा उपचार वेगळा असतो.

घरच्यांचा हट्ट होता की झोपेचं इंजेक्शन द्या नाहीतर हात बांधा. बांधलं की माणूस अजून चवताळतो, आणि झोपेच्या औषधानं पुष्कळदा गोंधळ वाढतो. त्यापेक्षा मशीन, चष्मा, कवळी आणा, समोर घड्याळ लावा, पाणी पाजा, दिवसा खुर्चीत बसवा, रात्री दिवे मंद. किरकोळ वाटतं ना? अमेरिकेत 1999 साली छापून आलेल्या अभ्यासात 70 च्या पुढच्या 852 पेशंटवर असंच करून बघितलं होतं (ते ऑपरेशनचे नव्हते, मेडिकल वॉर्डातले), तर नेहमीच्या वॉर्डात 15 टक्के लोकांना डिलिरियम झाला आणि या काळजीत 9.9 टक्क्यांना.

वाद मात्र घालू नका. मी नवीन असताना एका आजींना ठासून सांगितलं होतं की अहो तुमचे मिस्टर वारलेत, आणि त्या आत्ता कळल्यासारख्या रडल्या. अजून आठवतं मला. अण्णांना आम्ही एकदाच हळू सांगायचो, ही बस नाही, दवाखाना आहे, पायाचं ऑपरेशन झालंय, सूनबाई इथेच आहे, आणि मग कुठल्या रूटला होतात असं विचारायचो. त्यावर तासभर बोलायचे.

समोरच्या कॉटवरच्या आजी दिवसभर झोपून, कुणाला त्रास नाही, मुलगा खूश. मी सिस्टरना म्हणलं त्यांनाही बघा, गुपचूप पडून राहणाऱ्यांचा डिलिरियम कुणाच्या लक्षातच येत नाही.

अण्णा पाचव्या दिवशी बऱ्यापैकी सावरले. सगळ्यांचं इतक्यात होत नाही, काहींना आठवडे लागतात, आणि आधीच विसरभोळेपणा असेल तर तो यात उघडा पडतो. म्हणून वॉर्डात असतानाच स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारू नये, तीन-एक महिन्यांनी शांतपणे तपासावं. अण्णांचं तेव्हा ठीक निघालं.

त्याच फेरीत मला बाजूला घेऊन म्हणाले, मी हिला काही वाईट बोललो का हो, थोडं थोडं आठवतंय. मी सुनेकडे बघितलं. ती म्हणाली, "बोललात अण्णा. पण तेव्हा तुम्ही ड्युटीवर होतात." ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "सुटे पैसे दिले का कुणी?"

पुढच्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. तिनी फाईल दाखवली, वर बॉलपेननी मोठ्या अक्षरात लिहिलेलं: मागच्या वेळी वात झाला होता, डॉक्टरांना आधी सांगणे. मशीन कानातच ठेवणे.